एफसी २५ मध्ये तीन कॅम: खेळ मधून करायचा, पण विंग सांभाळायची कशी?

मेडिकलचौक_१०

मंडळी, एका अडचणीवर तुमचं मत पाहिजे. प्रतापनगरला मित्राच्या घरी एफसी २५ या फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची आमची लीग चालू आहे. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच बाहेर निघायची सोय नाही, म्हणून कूलरच्या हॉलमध्ये सगळे जमतात. पीएस फाइव्ह, किक-ऑफ मोड, आणि नियम एकच: सुरुवातीला घेतलेला क्लब शेवटपर्यंत बदलायचा नाही. मी जर्मनीचं लेव्हरकुझेन घेतलं, ते फक्त विर्ट्झ या मिडफिल्डरसाठी.

मला खेळ मधून करायला आवडतो. विंगवरून पळत जाऊन क्रॉस टाकणं जमतं, पण त्यात मन लागत नाही. म्हणून ४-२-३-१ चा अरुंद प्रकार लावलाय. मागे चार, त्यांच्यापुढे दोन सीडीएम, म्हणजे बचाव सांभाळणारे मिडफिल्डर, झाका आणि पालासिओस, मग तीन कॅम, म्हणजे स्ट्रायकरच्या मागचे अटॅकिंग मिडफिल्डर: डावीकडे टेरियर, मधे विर्ट्झ, उजवीकडे हॉफमन. वर बोनिफेस. चेंडू आपल्याकडे असेपर्यंत हे फॉर्मेशन डोळ्यांचं पारणं फेडतं. समोरच्याच्या मिडफिल्ड आणि डिफेन्सच्या मधल्या पट्ट्यात आपली तीन माणसं असतात, त्यातला एक तरी मोकळा सापडतोच.

खरी अडचण चेंडू गेल्यावर. लीगमधला सगळ्यात तगडा पोट्टा रियल माद्रिद खेळतो, ४-३-३. माझा पास अडवला की तो सरळ डावीकडे विनिशियसला लांब चेंडू देतो. माझा उजवा बॅक फ्रिम्पॉन्ग वर गेलेला असतो, विनिशियस एंडलाइनपर्यंत एकटा जातो, तिथून पेनल्टी स्पॉटकडे मागे पास आणि एम्बापेचा गोल. दर वेळी हाच गोल. सगळे म्हणतात फॉर्मेशन बदल. मला फॉर्मेशन ठेवून उपाय पाहिजे. बाजूच्या दोन कॅमना रोल, म्हणजे गेममध्ये नेमून द्यायचं काम, कोणते द्यावे, दोन सीडीएम कसे ठेवावे, डिफेन्सची लाइन किती वर असावी?

पोट्टा_नंबर_७

भाऊ, ४-४-२ लाव अन् मोकळा हो. मी तेच खेळून राहिलो. विंगवर दोन-दोन माणसं असतात, विनिशियस काय करन?

मेडिकलचौक_१०

गोल कमी बसतील हे मान्य. पण ४-४-२ मध्ये विर्ट्झला ठेवू कुठे? डाव्या मिडफिल्डला टाकला तर तो लाइनला चिकटतो. स्ट्रायकर केला तर गोलकडे पाठ करून सेंटरबॅकशी झटत बसतो. त्याचा सगळा खेळ चेंडू घेऊन वळण्यात आहे आणि वळायला जागा मधेच मिळते.

सावजी_डिफेन्स

दहा नंबर, म्हणजे मधून खेळ रचणारा कॅम, असलेलं फॉर्मेशन कमजोर असतं हा गैरसमज आहे. आधी एक सांग, फ्रिम्पॉन्गचा रोल काय दिलाय? आणि डावीकडे ग्रिमाल्दोचा?

मेडिकलचौक_१०

दोघंही अटॅकिंग विंगबॅक. रुंदी त्यांच्याकडूनच येते, तिन्ही कॅम आत असतात ना.

सावजी_डिफेन्स

मग गळती तिथेच आहे. नीट समजावून सांगतो, कारण हे फॉर्मेशन मी फिफा २१ पासून खेळतोय आणि मला ते फार प्रिय आहे.

रुंद ४-२-३-१ मध्ये बाजूचे दोघं लेफ्ट मिड आणि राइट मिड असतात, चेंडू गेला की ते आपापल्या फुलबॅकच्या पुढे येऊन उभे राहतात. अरुंद प्रकारात ते कॅम आहेत. चेंडू गेला तरी ते आतच राहतात. म्हणजे तुझी पूर्ण विंग एकट्या फुलबॅकच्या भरवशावर आहे, आणि त्या एकट्यालाही तू वर पाठवून ठेवलंस. विनिशियसला तिथे कोणालाच चकवावं लागत नाही.

जुन्या फिफामध्ये खेळाडूचा वर्क रेट असायचा, त्यामुळे काही जण आपोआप मागे यायचे. एफसी २५ मध्ये वर्क रेट काढून टाकले, आता सगळं रोल आणि त्याच्या फोकसवर (त्या कामात भर कशावर द्यायचा) चालतं. त्यामुळे रोल चुकला की खेळाडू कितीही चांगला असो, तो चुकीच्या जागीच सापडणार.

माझा ठाम नियम: तीन कॅम असताना दोनपैकी एकच फुलबॅक वर जाईल. तुझ्याकडे ग्रिमाल्दोचा डावा पाय आहे, त्याला जाऊ दे, पण अटॅकिंग विंगबॅक नको, साधा विंगबॅक कर. उजवीकडे फुलबॅक रोल, फोकस डिफेन्ड. फ्रिम्पॉन्गला तिथे बांधून ठेवणं म्हणजे त्याचा पाय वाया घालवणं आहे, म्हणून तिथे बेंचवरचा एखादा थांबणारा डिफेंडर घाल आणि फ्रिम्पॉन्गला हॉफमनच्या जागी पुढे आण. रोल हाफ विंगर. आपला ताबा असला की तो बाहेर सरकेल, रुंदी त्याच्याकडून मिळेल, आणि त्याच्यामागे एक माणूस कायम असेल.

त्रिमूर्तीनगर_लेफ्टबॅक

फ्रिम्पॉन्गला कॅम करणं मला पटत नाही. तो पळणारा खेळाडू आहे, गर्दीत पास खेळणारा नाही. मेडिकलचौकला मधून खेळ पाहिजे, त्याचा एक तृतीयांश तू काढून घेतलास.

त्यापेक्षा खरं लेव्हरकुझेन कसं खेळायचं ते पाहा. २०२३-२४ चा बुंडेसलिगा त्यांनी एकही सामना न हरता जिंकला, ३४ पैकी २८ विजय आणि ६ बरोबरी. क्लबचं ते पहिलंच लीग विजेतेपद. प्रशिक्षक शाबी अलोन्सोने मागे तीन ठेवले होते, मधे झाका आणि पालासिओस, बाजूला ग्रिमाल्दो आणि फ्रिम्पॉन्ग, आणि स्ट्रायकरच्या मागे दोन दहा नंबर, त्यातला एक विर्ट्झ. ३-४-२-१. हे दोघं विंगबॅक बिनधास्त वर जायचे, कारण मागे दोन नाही, तीन सेंटरबॅक थांबायचे. टा, टॅप्सोबा आणि हिंकापिए तुझ्याकडे आहेतच. चार डिफेंडर ठेवून दोन वर पाठवतोस, त्यापेक्षा तीन ठेव आणि तिघंही जागेवर राहू दे.

सावजी_डिफेन्स

विचार चांगला आहे, लेव्हरकुझेनला शोभतोही. पण मागे तीन असले की समोरच्या ४-३-३ च्या तिन्ही फॉरवर्डशी एकास एक होतं. विनिशियस आणि एम्बापेसमोर एकास एक मला तरी नको. कॉम्प्युटरविरुद्ध चालून जाईल. माणसाविरुद्ध, तेही समोर बसून खेळणाऱ्या, ज्याला एकच गोल शंभर वेळा मारता येतो, त्याच्यापुढे मी चारच ठेवीन.

कामठीकर

पोरांनो, मी गेम मुलाकडून शिकलो, पण फुटबॉल आमच्या कामठीत लहानपणापासून पाहत आलोय, म्हणून दोन शब्द.

२०१० च्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्डकपमध्ये स्पेन, नेदरलँड्स आणि जर्मनी, तिघंही याच ४-२-३-१ च्या साच्यात होते. सगळ्यांना आठवतो जर्मनीचा ओझिल. इंग्लंडविरुद्धचा ४-१ चा सामना पुन्हा पाहा. इंग्लंड ४-४-२ मध्ये, चौघांच्या दोन सरळ रांगा, आणि त्या दोन रांगांच्या मधे ओझिल. त्याला धरायचं कोणी, हे इंग्लंडला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण त्याला तिथे उभं राहायची मुभा कोणी दिली? मागे खेदिरा आणि श्वाइनश्टायगर होते म्हणून. नेदरलँड्सच्या स्नायडरमागे फान बोमेल आणि डी याँग. स्पेनकडे बुस्केट्स आणि हाच शाबी अलोन्सो. त्याने पुढे प्रशिक्षक झाल्यावर विर्ट्झच्या मागे दोन पक्के खेळाडू का ठेवले, हे त्याच्या स्वतःच्या जागेवरून समजतं.

२००७ चं एसी मिलान पाहा. इन्झागीच्या मागे काका आणि सीडॉर्फ, त्यांच्या मागे दोन नाही, तीन: पिर्लो, गट्टुसो, अँब्रोसिनी. काकाने त्या चॅम्पियन्स लीगमध्ये १० गोल केले, सगळ्यांत जास्त. अथेन्सच्या फायनलमध्ये लिव्हरपूलला २-१ हरवलं, दोन्ही गोल इन्झागीचे, आणि दुसरा काकाच्या थ्रू पासवर.

आणि उलट उदाहरण माझ्या काळजाला लागलेलं, १९८२ चं ब्राझील. झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ, सेरेझो. इतकं सुंदर मिडफिल्ड मी पुन्हा पाहिलं नाही. बार्सिलोनात इटलीविरुद्ध नुसती बरोबरी पुरत होती, आणि ३-२ ने हरले. तिन्ही गोल पाओलो रोसीचे. त्यातला दुसरा गोल पाहा: सेरेझोने आपल्याच हद्दीत आडवा पास दिला, रोसीने तो मधेच उचलला आणि सरळ गोलकडे गेला. सगळे पुढे जायच्या तयारीत असताना मागे आडवा पास द्यायचा नाही, हे मी मैदानावरच्या पोरांना अजून सांगतो. गेममध्येही देऊ नका.

मेडिकलचौक_१०

काका, फार छान लिहिलंत. आडव्या पासचं वाचून मी कालचे रिप्ले पुन्हा पाहिले. पालासिओसकडून झाकाकडे जाणारा पासच तो रियलवाला पोट्टा उचलतो, आणि तिथूनच विनिशियस सुटतो.

सावजी_डिफेन्स

मग आता दोन सीडीएमबद्दल बोलू, फॉर्मेशनचा जीव तिथेच आहे. तीन कॅम असले की लोक सीडीएमपैकी एकाला बॉक्स टू बॉक्सच्या धर्तीवर पळवतात. ते करू नको. पालासिओसला होल्डिंग, फोकस डिफेन्ड. झाकाचे पाय मंद आहेत पण त्याचा पास सोन्यासारखा आहे, त्याला डीप-लाइंग प्लेमेकर कर. हे दोघं एका रांगेत उभे दिसले की त्यांच्यात पास द्यायचा नाही, सेंटरबॅककडे मागे द्यायचा किंवा सरळ पुढे.

आता तो कटबॅक, म्हणजे एंडलाइनवरून मागे दिलेला पास. विनिशियस एंडलाइनला पोचला तर पोचू दे. तिथे सेंटरबॅक बाहेर काढू नको, आर-वन बटण धरून दुसरा माणूसही त्याच्यावर सोडू नको. सेंटरबॅक निघाला की एम्बापे मोकळाच. त्याऐवजी तू स्वतः पालासिओसवर ये, एल-टू धरून जॉकी करत (चेंडूकडे तोंड ठेवून हळू सरकत) पेनल्टी स्पॉटच्या जरा पुढे उभा राहा, एंडलाइन आणि एम्बापे यांच्यामधल्या रेषेवर. चेंडूकडे पळायचं नाही, पासची वाट अडवायची. मग समोरच्याकडे जवळच्या पोस्टवर शॉट किंवा उंच क्रॉस उरतो. उंच क्रॉसवर टा आहे. टाच्या डोक्यावरून गोल करणं सोपं नाही.

लाइन हाइट ५० च्या आसपास ठेव. ७० च्या वर नेलीस तर लांब चेंडूला आमंत्रणच.

मेट्रोत_मोबाइल

मी मोबाइलवर ई-फुटबॉल खेळतो, पीएस नाही आपल्याकडे. बर्डीवरून घरी जाता जाता मेट्रोत एक मॅच होऊन जाते. तिथंही हेच आहे बावा. एक गोष्ट सांगून राहिलो, कामाला येईल.

ई-फुटबॉलमध्ये अटॅकिंग मिडफिल्डर घेतला की त्याची खेळण्याची शैली पाहा लागते. होल प्लेयर असला तर तो स्वतःच बॉक्सकडे पळतो. क्लासिक नंबर १० असला तर जागेवर थांबून पायात चेंडू मागतो. दोन-दोन होल प्लेयर लावले की मधे चेंडू घ्यायलाच कोणी राहत नाही, सगळे पळाले. दोन क्लासिक लावले की कोणीच पळत नाही. मी एक-एक ठेवतो. मागे अँकर मॅनवाला, म्हणजे जागेवर थांबणारा डीएमएफ (डिफेन्सिव्ह मिडफिल्डर), अन् बाजूच्या एका फुलबॅकला डिफेन्सिव्ह इन्स्ट्रक्शन. तेवढ्यानं माझा डिफेन्स सुधरला.

सावजी_डिफेन्स

अगदी बरोबर, आणि एफसी २५ मध्येही हाच हिशोब. कॅमला चार रोल आहेत: प्लेमेकर, शॅडो स्ट्रायकर, हाफ विंगर, क्लासिक १०. तीन कॅमना एकच रोल दिला की फॉर्मेशन मेलं. विर्ट्झला प्लेमेकर, कारण तो चेंडूकडे येतो. टेरियरला शॅडो स्ट्रायकर, कारण तो मुळातच स्ट्रायकरसारखा पळतो. उजवीकडचा हाफ विंगर, मग तो फ्रिम्पॉन्ग असो की हॉफमन, ते तुझं तू ठरव. एक येतो, एक पळतो, एक पसरतो. बोनिफेसला फॉल्स नाइन, म्हणजे मागे येऊन खेळणारा स्ट्रायकर, करू नको, नाहीतर चार जण एकाच पट्ट्यात येऊन एकमेकांच्या पायात अडकतील. त्याला टार्गेट फॉरवर्ड ठेव.

त्रिमूर्तीनगर_लेफ्टबॅक

रोलची ही वाटणी मला पटली. फॉर्मेशनवर माझं मत कायम आहे, पण चारच ठेवायचे असतील तर याहून चांगली मांडणी नाही.

चेंडू मधे न्यायची एक रीत माझ्याकडून घे. विर्ट्झला थेट पास देऊ नकोस, त्याच्या पाठीवर कायम एक सीडीएम असतो. आधी चेंडू बोनिफेसच्या पायात मार, आर-वन धरून जोराचा पास. बोनिफेसवर सेंटरबॅक येतो. त्याच क्षणी एका टचमध्ये विर्ट्झकडे मागे. आता विर्ट्झचं तोंड गोलकडे आहे आणि सेंटरबॅक जागेवर नाही. एल-वनने टेरियरला आधीच पळवलेलं असेल तर पुढचं काम फक्त त्रिकोणाचं.

पोट्टा_नंबर_७

हे वाचून मलेही करून पाहावंसं वाटून राहिलं. ४-२-२-२ मध्ये चालन का हे? त्यात दोन कॅम अन् दोन स्ट्रायकर असतात.

त्रिमूर्तीनगर_लेफ्टबॅक

चालेल, उलट सोपं जाईल. एक स्ट्रायकर टार्गेट, दुसरा ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड. पण तिथेही विंगवर फुलबॅक एकटाच असतो, त्यामुळे एकच वर जाईल हा नियम तुलाही लागू.

मेडिकलचौक_१०

काल रियलविरुद्ध सामना झाला. हॉफमनलाच ठेवलं, हाफ विंगर करून, आणि उजव्या बॅकला थांबणारा माणूस घातला. फ्रिम्पॉन्ग बेंचवर.

पहिला अर्धा तास पोट्ट्याने तेच केलं, चेंडू मिळाला की विनिशियस. पण या वेळी समोर माणूस होता. त्यामुळे विनिशियसला थांबून ड्रिबल करावं लागलं, आणि तेवढ्या वेळात पालासिओस घेऊन मी कटबॅकच्या वाटेवर पोचत होतो. दोन वेळा पास सरळ पालासिओसच्या पायात आला. तिसऱ्या वेळी त्याने उंच क्रॉस टाकला, टाने हेड करून बाहेर काढला, चेंडू झाकाकडे. झाकाने एका टचमध्ये बोनिफेसला, बोनिफेसने पाठीवर मिलिताओ घेऊन विर्ट्झकडे सोडला, आणि माझ्यापुढे अख्खा पट्टा मोकळा. टेरियर डावीकडून आत पळत होता, सेंटरबॅक त्याच्यामागे गेला. मी पास दिलाच नाही. विर्ट्झला दोन पावलं पुढे नेलं आणि डीच्या कडेवरून आर-वन धरून सर्कल दाबून वळवलेला शॉट. कुर्तुआची बोटं लागली, तरी चेंडू लांबच्या पोस्टला लागून आत गेला. हॉलमध्ये असा कल्ला झाला की काकू स्वयंपाकघरातून पाहायला आल्या.

२-१ जिंकलो. खाल्लेला गोल कॉर्नरवरचा होता, विंगवरून एकही नाही.

त्रिमूर्तीनगर भाऊ, बोनिफेसवाली रीत अफलातून आहे. एका टचचा पास जरा उशिरा गेला की चेंडू जातो, तेवढा सराव करतोय.

कामठीकर

वाचून आनंद झाला. टेरियर पळाला म्हणून सेंटरबॅक हलला, म्हणून विर्ट्झला शॉट मिळाला. ज्याला पास मिळाला नाही त्याचं ते पळणं गोलइतकंच मोलाचं. इकडे मैदानावर पोरांना हेच पटवता पटवता घसा बसतो. चेंडू मिळणार नसेल तर कोणी पळायलाच तयार नसतं.

झिरोमाईल_कट्टा

धागा मस्त चाललाय. माझा प्रश्न उलटा आहे. माझ्यासमोरचा मित्र ५-४-१ लावून बॉक्सपुढे बसतो. मधला पट्टाच शिल्लक ठेवत नाही. तीन कॅम तिथे नुसते गर्दीत उभे राहतात. काय करावं?

सावजी_डिफेन्स

तिथे घाई केलीस की चेंडू गेलाच म्हणून समज. पाच डिफेंडर असले तरी त्यांच्यापुढे चारच उरतात, त्या चौघांना हलवायचं आहे. झाकाकडून एका फुलबॅककडे, परत झाकाकडे, मग दुसऱ्या बाजूला. एका बाजूला तीन-चार पास खेळलास की त्यांचे चार तिकडे सरकतात. मग मोठा पास टाकून बाजू बदल. या एकाच परिस्थितीत मी दुसऱ्याही फुलबॅकला वर सोडतो, कारण समोर पळणारा एकच स्ट्रायकर आहे आणि त्याच्यावर दोन सेंटरबॅक पुरतात. त्यासाठी वेगळी टॅक्टिक आधीच सेव्ह करून ठेव, सामना चालू असताना बदलता येते.

आणि एंडलाइनला पोचलास की क्रॉस टाकू नको. ते पाच जण गोलच्या तोंडाशी उभे आहेत. तूच कटबॅक दे, डीच्या कडेवर तुझा दहा नंबर मोकळा असेल.

झिरोमाईल_कट्टा

आज रात्रीच लावून पाहतो. दुसऱ्या टॅक्टिकमध्ये पालासिओसच्या जागी आंद्रिख चालेल का? माझंही लेव्हरकुझेनच आहे.

सावजी_डिफेन्स

चालेल. आंद्रिखचा लांबून शॉट चांगला आहे आणि ५-४-१ विरुद्ध क्लिअर झालेला चेंडू बऱ्याचदा त्याच्याच पुढे पडतो. फक्त त्याचाही फोकस डिफेन्डच ठेव.